मुलुंडचे स्थळ मला पसंत आहे

मी, श्रीमती रत्नप्रभा धोंडू घाडीगावकर, वय वर्षे शहात्तर, धंदा पूर्वी वधूवर सूचक मंडळ, आता काही नाही, सध्या राहणार अमृतसागर सहकारी गृहनिर्माण संस्था, जोगेश्वरी पूर्व, मुंबई, माझे डोके ठिकाणावर असताना, कोणी दमदाटी केलेली नसताना आणि कोणी लाडीगोडीही लावलेली नसताना हे मृत्युपत्र करून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी मला आजचा वार विचारला. मी वार, तिथी आणि नक्षत्र सांगितले, आणि त्यांच्या धाकट्या भावाचे लग्न अजून का अडले आहे तेही विचारले. दाखला लगेच मिळाला.

यापूर्वी मी एकही मृत्युपत्र केलेले नाही. केले होते असे कोणी म्हणाले तर ती व्यक्ती माझी नणंद नंदा असेल, आणि ते खोटे आहे.

१. कुटुंब. माझे पती कै. धोंडू हे मालवणकडचे, परळच्या गिरणीत कामाला होते. संपानंतर गिरणी बंद पडली. ते मरोळला एका कारखान्यात रखवालदार झाले आणि मी बाहेरच्या खोलीत दोन खुर्च्या टाकून लग्ने जमवू लागले. "लोकांची लग्ना जमवतंस, आपल्या घरात चूल कोण पेटवतलो?" असे ते रोज विचारत आणि रोज स्वतःच पेटवत. त्यांच्यासारखे स्थळ मला पुढे तीसेक वर्षांत कोणासाठी सापडले नाही. आम्हांला एकच मुलगा, सुयोग. त्याची पत्नी अपूर्वा. हे लग्नही मीच जमवले आहे, तेव्हा त्याबद्दल तक्रार करायला मला जागा नाही.

२. घर. अमृतसागरमधील सदनिका माझ्या नावावर आहे. इमारत पुनर्विकासाला गेली असून सप्टेंबरअखेर रिकामी करायची आहे. म्हणजे उद्या मी गेले तर जुनी सदनिका पडलेली असेल आणि नवी बिल्डरच्या माहितीपत्रकात उभी असेल. माहितीपत्रकात इमारतीपुढे कारंजे आहे आणि कारंज्याशी एक गोरी बाई पांढरा कुत्रा फिरवते आहे. जोगेश्वरीत अशी बाई मी पाहिलेली नाही. तरी जे काही प्रत्यक्षात मिळेल ते सर्व सुयोगला द्यावे. ताबा घ्यायला त्याने काठी टेकत येऊ नये, एवढीच इच्छा.

३. धंद्याची साधने. दोन खुर्च्या, भिंतीवरचा आरसा आणि पोह्यांच्या बशांचा संच संस्थेचे सचिव श्री. सुबोध यांना द्यावा. त्यांच्या तिन्ही मुलींची लग्ने याच बशांवर जमली आणि दर वेळी एक बशी त्यांच्याकडे राहिली. आता बाकीच्याही जाऊ देत, म्हणजे संच पुरा होईल.

४. खुलासा. हे कलम वकील गंधालीताईंना नको होते. त्या म्हणाल्या, "आजी, मृत्युपत्रात गोष्ट सांगत नाहीत." मी म्हटले, मग माझ्यामागे ही गोष्ट नंदा सांगेल, आणि तिची मला खात्री नाही.

इमारत रिकामी करायची म्हणून सुयोगने मरोळला भाड्याने जागा घेतली. चौथा मजला, लिफ्ट नाही. माझे गुडघे दुसऱ्या मजल्याच्या पुढे येत नाहीत. त्यामुळे "आईचं काय करायचं" हा विषय घरात निघाला. तो माझ्यासमोरच निघाला, पण मला उद्देशून नव्हता. मी गवार मोडत होते. सुयोग म्हणाला, "सीनियर लिव्हिंग बघू या. ओल्ड एज होम नाही गं आई, कन्सेप्टच वेगळी आहे." मला कन्सेप्ट लगेच समजली. आमच्या मंडळात घटस्फोट झालेल्या मुलासाठी मी "पहिला विवाह अल्पकाळ" असे लिहीत असे.

त्याने मला तीन ठिकाणे दाखवायला नेले. निघताना सिल्कची साडी नेसायला लावली, केस नीट बसव म्हणाला. गाडी हायवेला लागल्यावर माझ्या लक्षात आले की हा बघण्याचा कार्यक्रम आहे आणि या खेपेला मुलगी मी आहे.

पहिले ठिकाण घोडबंदरकडे, डोंगराच्या पायथ्याशी. त्यांच्या फोटोत पांढऱ्या केसांचे जोडपे सायकलवर बसून खिदळत होते. फोटोवरून स्थळ ठरवू नये हे मी जन्मभर सांगत आले. स्थळ पाहावे ते दारातल्या चपलांवरून. इथे दारात ओळीने बूट होते आणि सगळे कोरे. म्हणजे कोणी कुठे जात नव्हते. टाय लावलेल्या व्यवस्थापकाने सुयोगला विचारले, "मॅडमना चालता येतं ना? रात्री उठतात का? स्वभाव कसा आहे?" सुयोग म्हणाला, "शांत आहे एकदम." अपूर्वाला ठसका लागला. मला चालून दाखवायला सांगितले. मी चालून दाखवले. गाणे म्हणायला सांगितले नाही, एवढीच सुधारणा. निघताना ते म्हणाले, "आम्ही कळवतो."

दुसरे बोरिवलीला. तिथे पहाटे ध्यान, मग हसणे, मग कृतज्ञता. हसायची वेळ फळ्यावर लिहिलेली होती. मासळी वर्ज्य. मी विचारले, "कायमची?" तिथली ताई डोळे मिटून म्हणाली, "मन शांत होतं आजी." मी म्हटले, "बोंबलाने माझं मन कधी अशांत झालेलं नाही." सुयोगने टेबलाखालून माझा पाय दाबला.

तिसरे मुलुंडला. छोटी दुमजली इमारत, लिफ्ट आहे, रंग उडालेला. फोटो नाहीतच. दारात चपलांचा ढीग, झिजलेल्या, एकीला खिळा मारलेला, एकीला ओला चिखल. आत सुरमई तळल्याचा वास. दिवाणखान्यात ऐंशीच्या घरातल्या दोघी कॅरमवर भांडत होत्या.

"ए, हात लावून सोंगटी सरकवलीस तू!"

"डोळे तपासून घे जा आधी. भवानी!"

धोंडू गेल्यापासून मला असे कोणी भवानी म्हटलेले नाही. जो तो आई म्हणतो, काकू म्हणतो, आजी म्हणतो, आणि मी काचेची असल्यासारखा हळू बोलतो. माझ्याशी कडाकडा भांडेल असे माणूस मला उरलेले नाही. मला तिथे राहावेसे वाटले. फार वाटले. हे मी इथे स्पष्ट लिहून ठेवते.

तिथल्या व्यवस्थापक क्षमाताई, त्यांनीही सगळे सुयोगलाच विचारले. परतताना गाडीत मी काही बोलले नाही. कार्यक्रम झाल्यावर मुलीने आपणहून बोलायचे नसते, विचारल्यावर सांगायचे असते. कोणी विचारले नाही.

चार दिवसांनी सुयोग म्हणाला, "आई, मुलुंडचं नाही जमत. त्यांच्याकडे जागाच नाहीये."

आमच्या धंद्यात नकार कोणी देत नाही. "पत्रिका जुळत नाही" असे कळवतात. मुलगी सावळी असो, सासू खाष्ट असो, मुलाचे बाहेर कुठे असो, बिचारी पत्रिका जुळत नाही. हा निरोप मी इतक्या घरांतून ऐकला आणि इतक्या घरांत पोचवला आहे की तो देताना माणूस कुठे बघतो ते मला पाठ आहे. सुयोग कॅलेंडरकडे बघत होता.

मी मुलुंडला फोन केला. क्षमाताई म्हणाल्या, "आजी, आम्ही तर केव्हाच हो कळवलं. तुमच्या मुलानेच नको सांगितलं."

संध्याकाळी मी सुयोगला समोर बसवले, मंडळाच्या खुर्चीवर.

"नको होतं तर दाखवायला कशाला नेलंस रे?"

"मला वाटलं तू तिन्हीला नाहीच म्हणशील."

"म्हणाले असते, मग?"

"मग सगळ्यांना सांगितलं असतं, आईला विचारलं, तीच नको म्हणाली. आणि तुला मरोळला घेऊन गेलो असतो."

"चौथ्या मजल्यावर?"

"उचलून नेलं असतं ना! तू खरंच हो म्हणशील असं थोडंच वाटलं मला? लोक काय म्हणतील यार, सुयोगने आईला टाकली?"

एवढे बोलून पन्नाशीला आलेला माझा मुलगा रडायला लागला. त्याला मी हवी आहे. हे मला त्या दिवशी कळले आणि बरे वाटले, खोटे कशाला बोलू. पण चौथ्या मजल्यावर उचलून नेलेली बाई पुन्हा खाली येणार ती कोणाच्या सवडीने? मला भाजीवाल्याशी घासाघीस करायला खाली जायचे असते, आणि त्यासाठी मुलाची कंबर मोडायची नाही.

५. नंदा. "लोक" म्हणजे कोण याचा मी शोध घेतला. लोक म्हणजे नंदा. ती घाटकोपरला राहते आणि तिथून जोगेश्वरीत कोण कोणाला टाकते यावर लक्ष ठेवते. तिची स्वतःची सासू महिनामहिना पाच मुलांकडे फिरत असे, पिशवी कधी पुरती उघडली नाही, पण त्याला टाकणे म्हणत नाहीत, पाळी म्हणतात. धोंडू गेले त्या दिवशी माझ्या हातातल्या सोन्याच्या पाटल्या हिनेच काढून ठेवायला लावल्या. माझ्यामागे नंदाला माझा मोठा हंडा द्यावा, जो ती धोंडूच्या लग्नापासून मागत आहे. हंडा गळका आहे हे तिला सांगू नये.

६. पाटल्या. वरील दोन पाटल्या अपूर्वाला द्याव्यात. ती आमच्या माशांच्या तिखल्यात टोमॅटो घालते, हे लक्षात ठेवूनही देते. (हे कलम कलम ८ बरोबर वाचावे.)

७. अपूर्वाबद्दल. बघण्याच्या कार्यक्रमात माझा एक रिवाज होता. पाणी प्यायच्या निमित्ताने मी मुलीला स्वयंपाकघरात एकटीला गाठत असे, नळ सोडून देत असे, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये, आणि विचारत असे, "तुला पसंत आहे का गं? नसेल तर सांग. पत्रिका जुळत नाही म्हणून मी कळवते, तुझ्यावर काही येणार नाही." अपूर्वालाही असेच विचारले होते. मुलगा माझाच होता, तरी विचारले होते. ती तेव्हा नुसती हसली होती.

सुयोग रडला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी भांडी विसळत होते. अपूर्वा आत आली, दार लोटले आणि नळ पुरता सोडला. पाण्याची बोंब असताना ती नळ सोडत नाही. म्हणून मी वर बघितले.

ती म्हणाली, "आई, तुम्हाला मुलुंड पसंत आहे का? नसेल तर सुयोगचं मी बघते. असेल तरी सुयोगचं मी बघते."

महिनाभर माझ्या गुडघ्यांची, गोळ्यांची, झोपेची आणि स्वभावाची चौकशी झाली होती. हे कोणीच विचारले नव्हते. मला रडू आले. मी हो म्हटले. तिने नळ बंद केला आणि बाहेर जाऊन सुयोगला म्हणाली, "चल, गाडी काढ. क्षमाताईंना भेटून यायचंय."

सुयोगने शेवटचा प्रयत्न केला. "पितृपक्ष आहे, आई. आता कोणी नवीन घरात जातं का? दिवाळीनंतर बघू." पंचांग मला शिकवतो! मी म्हटले, पितर आपलेच आहेत, धोंडू त्यांच्यातच आहे, आणि तो चूल पेटवायला येईल. शनिवारी सामान गेले.

८. दुरुस्ती. गंधालीताईंनी सांगितले की ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असा संकेत आहे. हे ऐकून अपूर्वा म्हणाली, "मग मला पाटल्या नकोत. मला सही करायची आहे. उद्या कोणी आईंना टाकलं म्हणालं तर मी होते तिथे, असं मला सांगता आलं पाहिजे." गंधालीताई म्हणाल्या, नवऱ्याला घर मिळते आहे, तेव्हा बायकोच्या सहीवर कोणी बोट ठेवील; कायद्यापुरते दोन साक्षीदार वेगळे आहेत, तिसऱ्या सहीची गरज नाही. कायद्याला नसेल. मला आहे.

सबब कलम ६ रद्द. श्री. सुबोधही साक्षीदार आहेत, म्हणून कलम ३ सुद्धा रद्द. पाटल्या आज मी माझ्याच हातांत घातल्या आहेत. थोड्या सैल होतात.

९. शेवटचे. माझ्यामागे तेराव्याला भाषणे करू नयेत. जेवणात वडे असावेत. कॅरमवाल्या दोघींना गाडी पाठवून आणावे आणि त्यांना नंदाशेजारी बसवावे. सुयोगने पाठवणीच्या वेळी मुलीच्या बापासारखे डोळे पुसले तेवढे पुरे, आता पुन्हा नको. दिवाळीला मात्र त्याने मला न्यायला यावे. पहिला सण माहेरी करतात. मरोळला जिन्याच्या पायथ्याशी गाडी उभी करावी. चार मजले मी चढणार नाही, फराळ खाली आणावा.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील गंधालीताईंनी करावी. लिहायला जोगेश्वरीत घेतले, पुरे मुलुंडला झाले. वाचून पाहिले, बरोबर आहे. खाली माझी सही आहे, अंगठा नाही.

रत्नप्रभा धोंडू घाडीगावकर

ठिकाण: माझी खोली, पहिला मजला, मुलुंड पूर्व
दिनांक: १४ सप्टेंबर २०२५, रविवार

साक्षीदार १: सुबोध, सचिव, अमृतसागर संस्था. (बशा परत केल्या आहेत.)

साक्षीदार २: ॲड. गंधाली.

साक्षीदार ३: अपूर्वा सुयोग घाडीगावकर. सही करण्यापूर्वी मी आईंना आत नेऊन एकटीला पुन्हा विचारलं. त्या हो म्हणाल्या.