अठ्ठ्याऐंशी सालचा विद्यार्थी

३ ऑक्टोबर २०१२, ओरुरो, बोलिव्हिया. सकाळी ८.४०
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांना ही सवय असते.
इंजिनियर साआवेद्रा डिसेंबरात निवृत्त होतायत. शिक्षण सांख्यिकी कचेरीचं प्रमुखपद रिकामं होणार. कचेरीत आम्ही तिघं. ते, मी, आणि विल्मा अपासा, वय सव्वीस. म्हणजे प्रमुख मीच. फक्त एक कागद हवा. मूळ पदवीपत्र, १४ डिसेंबरच्या आत.
पदवी जवळजवळ आहेच. सगळे विषय शहाण्णव सालीच सुटले. प्रबंध तेवढा राहिलाय. अठ्ठ्याऐंशीला नाव घातलं. मध्ये लग्न, मुलगी, थंडी. पण दरवर्षी फी भरून नाव चालू ठेवलंय. याला चिकाटी म्हणतात.
कचेरीत मला सगळे लिसेन्सियादो म्हणतात. पदवीधराला इथं तशीच हाक मारतात. म्हणा, असं मी कुणाला सांगितलेलं नाही. म्हणू नका, असंही नाही.
बहात्तर दिवस. रोज दोन पानं. एकशे चव्वेचाळीस. आकडे हा माझा प्रांत.

४ ऑक्टोबर
प्रबंधाचा विषय: 'विद्यार्थी पदवी पूर्ण का करत नाहीत'. मुखपृष्ठ तयार. टाइप निवडण्यात संध्याकाळ गेली. एक पान झालं. उद्या तीन.

५ ऑक्टोबर
उद्या पाच.

९ ऑक्टोबर
विलाकोता गावच्या शाळेनं पट पाठवला. मुलं एकतीस. गेली सहा वर्षं एकतीसच. हेडमास्तर डॉन फुलहेन्सियोंना फोन लावला. म्हणाले, अहो लिसेन्सियादो, एक पोर शहरात गेलं की दुसरं शाळेत येतं, आमच्याकडे शिस्त आहे. मी म्हटलं, मुलगे सतरा आणि मुली चौदा, हेही दरवर्षी तेच? म्हणाले, मग शिस्त म्हणजे काय असते?
संध्याकाळच्या बसनं त्यांनी चीज पाठवलं. आकडा तसाच ठेवला. त्याचा चीजशी संबंध नाही.

१७ ऑक्टोबर
ला पासहून, मंत्रालयाचं परिपत्रक. युनिव्हर्सिटीत नाव घालणारे दरवर्षी वाढतात, पदवी घेऊन बाहेर पडणारे वाढत नाहीत. मधले जातात कुठे? कारण शोधा, उपाय सुचवा.
हीच संधी. असा अहवाल देतो की खुर्ची आपणहून माझ्याकडे सरकेल. प्रबंध काही दिवस बाजूला. तसं पाहिलं तर हाच प्रबंध.
दुपारी युनिव्हर्सिटीच्या खानावळीत जेवलो. विद्यार्थी कार्डावर सूप फुकट मिळतं. रांगेत पोरं ओरडली, डायनासोर आला, डायनासोर आला. मी मागे वळून पाहिलं. कोणी दिसलं नाही.

१ नोव्हेंबर
आज मेलेले घरी येतात. सासरे बरोबर बारा वाजता आले. बायकोनं, नीव्हेसनं, त्यांच्यासाठी टेबल मांडलं, पाव, सूप, बिअर. उद्या बारा वाजता जातील. पाहुण्यांसमोर लिहीत बसणं बरं दिसत नाही. जिवंत असताना ते मला रोज विचारायचे, प्रबंधाचं काय झालं. आज काही बोलले नाहीत. सुधारणा आहे.

४ नोव्हेंबर, रविवार
कार्निवलच्या नाचाच्या तालमी सुरू. आता रविवार गेले.

१२ नोव्हेंबर
नियम सुचला. एका वाक्याचा. सलग दहा वर्षं एकही विषय पास न करणाऱ्याचं नाव पटावरून काढावं.
इंजिनियरांनी दोनदा वाचला. चष्मा काढला. म्हणाले, लिसेन्सियादो, नीट विचार केलाय ना? तुमची स्वतःची काही अडचण? मी म्हटलं, नियमाला अडचण नसते, दयाच दाखवायची तर कचेरी कशाला? म्हणाले, बरं बाबा, करतो सही, मी तर चाललोच आहे.
विल्मा म्हणाली, लिसेन्सियादो, यादीत नावं नाहीत, नुसते नोंदणी क्रमांक आहेत, एकदा नजर टाकता का? मी म्हटलं, क्रमांकच हवेत. नावं वाचली की माणूस हळवा होतो.
तरुण आहे. शिकेल.

१५ नोव्हेंबर
नियमात दोनशे चौदा जण सापडले. विल्मानं आलेख काढला. सगळे ठिपके प्रवेशापासून दहा ते पंधरा वर्षांच्या मध्ये, गर्दी करून. एकच ठिपका कागदाबाहेर. त्याच्यासाठी दुसरा कागद चिकटवावा लागला. चोवीस वर्षं!
अठ्ठ्याऐंशीचा प्रवेश. म्हणजे माझ्याच वर्षाचा. कोण असेल? बहुतेक तो जाडा विलारोएल. तेव्हाही प्यायचा. चोवीस वर्षं सरकारी सूप पितोय, लाज नाही. ओळखीचा असला तरी सोडणार नाही. अहवालात त्याच्यावर खास परिच्छेद घातला. शेवटचं वाक्य: 'हा विद्यार्थी नव्हे, हे फर्निचर आहे.' विल्माला वाचून दाखवलं. तिला ठसका लागला. वाऱ्यानं धूळ फार येते.
जेवताना घरी सांगितलं. नीव्हेसनं चमचा खाली ठेवला. दानित्सा, आमची मुलगी, यंदा शाळा संपवतेय, तिनं विचारलं, बाबा, त्या माणसाचा नंबर काय हो? मी म्हटलं, ते गोपनीय असतं. ती म्हणाली, तुमच्या कार्डावरचा नंबर तरी पाठ आहे का? विषय बदलायची सवय आईकडून आली.

३० नोव्हेंबर
ला पासहून मंजुरी! नियम आजपासून लागू. युनिव्हर्सिटीनंही मान्य केला. मंजुरीच्या पत्रात माझं फर्निचरचं वाक्य जसंच्या तसं घेतलंय.
कचेरीसाठी कोपऱ्यावरच्या एउस्ताकियाबाईकडून साल्तेन्या, म्हणजे रश्शाच्या करंज्या, घेतल्या, नऊ. तिनं विचारलं, पदवी मिळाली वाटतं? मी म्हटलं, मिळाल्यातच जमा. ती म्हणाली, लग्नाच्या साल्तेन्या नेताना पण हेच म्हणाला होतात.
इंजिनियरांनी साल्तेन्या खाल्ली, पण माझ्याकडे बघितलं नाही. सुट्टीवर जातायत, हळवे झाले असतील.
प्रबंध: एक पान. उरलेली एकशे त्रेचाळीस. दिवस चौदा. रोज दहा आणि थोडं. शक्य आहे.

८ डिसेंबर
नऊ पानं झाली. मुखपृष्ठ, अर्पणपत्रिका, आभार सात पानं. आता फक्त मजकूर.
नीव्हेसनं प्रबंधाच्या दिवसाचा सूट काढून उन्हात टाकला. दरवर्षी टाकते. या वेळी म्हणाली, बाही आता तुम्हीच झटका.

१० डिसेंबर, दुपार
तोंडी परीक्षेची तारीख घ्यायला गेलो. खिडकीतल्या मुलीनं नंबर टाकला. म्हणाली, नोंद नाही. मी म्हटलं, नीट बघा, बाई. म्हणाली, होती, तीस तारखेला निघाली. नवा नियम आलाय ना, कुठल्यातरी कचेरीतल्या शहाण्यानं काढलाय.
मी म्हटलं, नियम उत्तम आहे, अंमलबजावणी चुकली आहे. ती म्हणाली, तिथं तक्रार करा.
खानावळीत कार्ड चाललं नाही. सूप शेंगदाण्याचं होतं, वासावरून.
विलारोएलचा पत्ता लागला. त्र्याण्णवलाच पदवी घेतली होती त्यानं. जाडा राहिलेला नाही, असं ऐकतो.

११ डिसेंबर
रीतसर तक्रार अर्ज केला. प्रबंधाला बसलेल्यांना सवलत मिळावी. जोरदार लिहिलाय.

१२ डिसेंबर
अर्ज आमच्याच कचेरीत आला. इंजिनियर सुट्टीवर, म्हणून माझ्या टेबलावर. सबंध सकाळ विचार केला. नियमात सवलतीची जागा नाही, मीच ठेवली नव्हती. नामंजूर करावा लागला. भाषा सौम्य ठेवली. अर्जदाराला पुढील आयुष्यासाठी शुभेच्छा दिल्या.

१३ डिसेंबर
पत्र घरी पोचलं. नीव्हेसनं वाचलं. शेवटची सही कुणाची आहे ते बघून पुन्हा वाचलं. मग स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ हसली. हसत असावी.

१४ डिसेंबर
विल्माची नेमणूक झाली. संध्याकाळी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, डॉन गेर्मान, चहा सांगू का?
डॉन. सकाळपर्यंत लिसेन्सियादो होतो. डॉन तर इथं कुणाही वयस्क माणसाला म्हणतात, विलाकोत्याच्या हेडमास्तरांनाही.
चहा घेतला.

१ जानेवारी २०१३
संकल्प. नव्यानं प्रवेश घ्यायचा. जुन्यात दोष होते. या वेळी पाच वर्षांत सुटतो. म्हणजे त्रेपन्नाव्या वर्षी पदवी, निवृत्तीच्या आधी प्रमुखपद. वेळापत्रक केलं. सुंदर झालंय.

४ फेब्रुवारी
प्रवेशाची रांग. सूट घालून गेलो. दानित्साही तिथंच नाव घालतेय, माझ्याच शाखेत. म्हणाली, बाबा, मध्ये दहा माणसं सोडून उभे राहा, आणि मला हाक मारू नका. मी म्हटलं, माझी जुनी टिपणं तुला उपयोगी पडतील. म्हणाली, आणि टिपणांबद्दल बोलू नका.
खिडकीतून हाक आली, या, तरुण! इथं गिऱ्हाईक कोणत्याही वयाचं असो, तरुणच म्हणतात. पण तिनं मान वर करून, माझ्याकडे बघून म्हटलं.
बाहेर आलो तर दानित्सा पायरीवर थांबली होती. एकटीच. माझ्या कॉलरवरचा धागा काढला आणि म्हणाली, पहिला तास आठ वाजता आहे, उठवीन मी.

२२ फेब्रुवारी
नव्या प्रवेशांचा तक्ता केला. सतरा ते वीस वय: दोन हजार आठशे चाळीस. मग कमी कमी होत जातात. पंचेचाळीसच्या पुढे: एक. गेल्या वर्षी शून्य. वाढ टक्क्यांत काढताच येत नाही, इतकी आहे.
विल्माबाईंना दाखवला. त्यांनी त्या एकावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, डॉन गेर्मान, यंदा सगळे आकडे दहाच्या पटीत द्यायचे आहेत, वरून आलंय, मी काही करू शकत नाही.
पाचाच्या खाली असलं की शून्य धरतात. पद्धत मलाच चांगली माहीत आहे.
एकाचा शून्य मीच केला. बेरीज जुळली.