अडलेलं काही नाही

सिल्व्हर पार्क, मीरा रोड
नोव्हेंबर १९९८

प्रिय निहार,

भाईंदरच्या भांड्यांच्या कारखान्यातला तुझा प्रोग्राम आठवतो ना, काट्यावरचं वजन कॉम्प्युटरवर आणणारा? शेठनी कॉम्प्युटरवर नवीन लिनक्स घालून घेतलं आणि तो कंपाइलच होईना, मशीनच्या भाषेत उतरायलाच तयार नाही. आई दादाकडे रत्नागिरीला गेल्यापासून माझ्याशी बोलणारा एक कंपायलरच उरलाय, आणि तोही नुसता ओरडतो: ही व्याख्या आधीच झालेली आहे. आईला फोनवर सांगितलं, एकाच वस्तूचं वर्णन दोन घरांनी वेगवेगळं केलंय. तर तिने लगेच विचारलं, कुणाचं लग्न मोडतंय?

म्हटलं, तुझाच मंत्र चालवावा. जाण्याआधी शिकवून गेलास, कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, व्याख्यांच्या हेडर फाइल्स सरळ तयार फंक्शनांच्या लायब्ररीच्या फाइल्सच्या जागी जोडून टाकायच्या. जोडल्या. झालं, धड चालणारे प्रोग्रामही कंपाइल होईनात! आगीतून फुफाट्यात. शेठ सारखे येऊन विचारत होते, मॅडम, हो गया क्या?

तुझं चुकलं नव्हतं. तेव्हा लायब्ररी कर्नलच्याच व्याख्या वापरायची, आता तिने स्वतःच्या केल्यात. तुझी जोडणी मी काढून टाकली. लायब्ररीच्या फाइल्स होत्या तशा परत घातल्या आणि तुझ्या प्रोग्रामची वाटणी केली. एका फाइलीत फक्त कर्नलचं, दुसरीत फक्त लायब्ररीचं, मध्ये एक छोटं फंक्शन, नुसता आकडा इकडून तिकडे देणारं. काल काट्यावर पातेलं ठेवलं आणि वजन पडद्यावर आलं. शेठनी पेढे मागवले. मी तुला सांगायला मागे वळले, तर तुझ्या खुर्चीत झाकणांचा खोका.

तू बॉस्टनला गेल्यापासून मी लिहिलेलं प्रत्येक पत्र काहीतरी अडलं म्हणून होतं. तूही उत्तरं व्यवस्थित पाठवलीस, प्रश्नापुरती. दर वेळी पाकीट फोडताना वाटायचं, खाली एखादी ओळ नुसती माझ्यासाठी असेल. यावेळी प्रश्नच उरला नाही. सकाळपासून शोधतेय, काय विचारू म्हणून. काही सापडलं नाही. फार एकटं वाटतं रे इथे, तुझी आठवण येते, एवढंच लिहायचं होतं. याला तू काय उत्तर देतोस, त्याची वाट बघतेय.

काही न अडताही तुझीच,
क्षितिजा