माझ्या तळव्यांची कीर्ती

तीर्थरूप गुणमालाअक्कास, धाकट्या जवाहरचा वाकून जय जिनेंद्र. रहिमतपुरात थंडी पडली असेल. तुझे गुडघे आणि दाजींचा खोकला कसा आहे ते कळव. आम्ही इकडे बरे आहोत असं लिहिणार होतो, पण ते पुढचं वाचून तूच ठरव.

तुला माझी टाच ठाऊक आहे. हळदीच्या पेढीवर चाळीस वर्षं बुटात पाय कोंडून बसलो, त्याचं ते फळ. आपली सून श्रद्धा सांगलीत योगाचे वर्ग घेते. तिनं माझे पाय पाहिले आणि म्हणाली, मामंजी, बोटं एकमेकांना चिकटलीत, कमान झोपलीय. (पायाला कमान असते हेच मी विसरलो होतो.) तेव्हापासून ताडासनात बोटं पसरून उभं राहायचं, बोटांनी जमिनीवरचा टॉवेल गोळा करायचा आणि पहाटे मळ्यात अनवाणी चालायचं. अक्का, काय सांगू. कार्तिकातलं दव, हळदीच्या सरीतली गार माती, ती हळूच बोटांमधून वर येते. दुसऱ्या आठवड्यात माझी करंगळी आपली आपण हलली. मी बांधावर उभा राहून बराच वेळ तिच्याकडं बघत होतो, डोळे भरून आले. आपण दोघं ओढ्याच्या वाळूत पळायचो, ते मी विसरलो होतो, तळवे विसरले नव्हते.

आता घोटाळा कुठं झाला ते. पँटीत वाकता येत नाही म्हणून पांढरं धोतर. सराटे टोचू नयेत म्हणून नजर चार हात पुढच्या जमिनीवर. श्रद्धाच्या सांगण्यावरून संध्याकाळचा चहा बंद. आणि चातुर्मास संपवून मुनिमहाराजांचा आणि आर्यिका माताजींचा संघ नुकताच गावातून विहार करून गेलेला. लोक रस्त्यात माझ्या पायांना हात लावू लागले. मला वाटलं, कमानीची कीर्ती पसरली. (दोघातिघांना मी बोटं पसरूनही दाखवली.) मंदिरात नानासो पाटलांनी विचारलं, "अण्णा, काय काय सोडलं म्हणायचं?" मी म्हणालो, चप्पल सुटली, चहा सुटला, आता हळूहळू सगळंच सुटेल. दुसऱ्या दिवशी बायकांनी, दीक्षा घेणाऱ्याची भरतात तशी, नारळ-सुकामेवा घालून माझी ओटी भरली, तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला.

तोवर बातमी सुंदरीपर्यंत पोचली होती. छत्तीस वर्षांच्या संसारात आमचा बिनभांडणाचा आठवडा गेला नाही. आता बारा दिवस झाले, बायकोच्या तोंडून एक वाकडा शब्द नाही. रोज माझ्या तळव्यांना तेल चोळते. पहाटे बांधावर चपला काढून माझ्याबरोबर चालते. मी कुठं जात नाही हे सांगायला रोज तोंड उघडतो. पण दवात तिची पावलं माझ्या पावलांशेजारी उमटताना दिसली की वाटतं, आणखी एक दिवस असंच चालावं. तिला सोडून मला कुठंच जायचं नाही, अक्का.

तुझा,
जवाहर

ता. क. पत्राचं खरं कारण हे, की तू येऊन सुंदरीला हे सगळं सांग. मी सांगितलं तर तेल चोळणं त्याच दिवशी बंद होईल.

आणखी ता. क. पाकीट चिकटवण्याआधी धीर करून मीच सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "तुमी ऱ्हावा की घरात. मी आर्यिका माताजींस्नी दीक्षेचा शब्द दिलाय. अनवाणी चालताना लय हलकं वाटतंय बघा." चपला तिनं शेजारणीला देऊन टाकल्यात. अक्का, ती फक्त तुझंच ऐकते, मिळेल त्या गाडीनं ये.