जावयाचे पैसे कोण घेतं?

अहो,

पत्राचा मायना काय लिहावा यावरच माझा बराच वेळ गेला. ‘प्रिय’ लिहिलं आणि खोडलं, कारण ते वाचून तुम्ही हसला असतात. तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही. माहेर चाकणला, सकाळच्या एसटीने जायचं आणि दिवेलागणीला परत. नाव तर उखाणा सोडून कधी तोंडाने घेतलं नाही. तेव्हा ‘अहो’च बरं. त्या हाकेला तुम्ही ओ द्यायचात, निदान दुसऱ्यांदा हाक मारल्यावर तरी!

आज लिहायला बसले, कारण उद्यापासून मला दुपार मोकळी मिळणार नाही. उद्यापासून मी कंपनीत जाणार आहे. हो, तुमच्याच कंपनीत. दचकू नका. कसं झालं ते सांगते, पण त्याआधी मला तुमच्याशी भांडायचंय. तुम्ही असताना भांडण अर्ध्यावर सोडून दुसऱ्या पाळीला निघून जायचात. आता कुठे जाल?

शेवटचे गेलात तेही दुसऱ्या पाळीलाच. छातीत कळ आली, कंपनीच्या गाडीने इस्पितळात नेलं आणि मला बोलवायला माणूस आला तेव्हा मी मेथी निवडत होते. चाळिशी नुकतीच लागली होती तुम्हाला. हे काय जायचं वय आहे?

अप्पांचं तरी काय सांगू! पोरीच्या कुंकवासाठी त्यांनी तुम्हाला मिलिटरीत जाऊ दिलं नाही, आणि आज माझं कपाळ बघा. ते आधीच गेले हे एका परीने बरं झालं. त्यांना हे बघवलं नसतं.

त्या दिवसांचा विषय तुम्ही कधी काढला नाहीत, मीच काढते. चीनने हल्ला केला ते वर्ष. तुमचा डिप्लोमा नुकताच झाला होता. कुरुळीचं, आईबाप नसलेलं, काकाच्या घरी वाढलेलं पोर पुण्यात शिकलं ते माझ्या अप्पांच्या पैशावर. फी, खोलीचं भाडं, खाणावळ, सगळं. अप्पा चाकणच्या बाजारात कांद्याचे आडते. माल पारखावा तसं त्यांनी तुम्हाला पारखलं आणि तुम्ही दुसऱ्या वर्षाला असतानाच आपली सुपारी फोडून टाकली. तेव्हा गावोगाव हे चालायचं. हुशार पोराला शिकवायचं आणि आपली पोरगी द्यायची. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. उलट ‘आमचे हे’ मशीनचं शिकतात म्हणून मी मैत्रिणींत भाव खाऊन घेतला.

मग एकाच आठवड्यात पिंपरीच्या कंपनीचा होकार आला आणि मिलिटरीच्या भरतीतही तुमचं जमलं. शिकलेली माणसं हवीच होती त्यांना. बाजाराच्या दिवशी तुम्ही आमच्याकडे आलात. मी आतल्या दाराआड चहा घेऊन उभी राहिले, आणि चहा निवला तरी उभीच होते.

‘अप्पा, मिलिटरीत घेतलंय मला. वर्कशॉपात काम हाय. जाऊ म्हणतो.’

‘आन पिंपरीची नोकरी?’

‘ती बी हाय. पण मन तिकडं हाय. तुमचं पैसं दर महिन्याला पगारातनं पाठवीन.’

अप्पा हसले. ‘आरं, पैसं मागितलं कुणी? म्या काय सावकार हाय व्हय? माझ्या पोरीचं कुंकू तेवढं सांभाळ, मंजी सगळं फिटलं.’

पैसे मागितले असते तर तुम्ही सुटला असतात हो! सावकाराचं फेडता येतं. त्यांनी प्रेमाने बोलून तुमची बोलतीच बंद केली.

आणि त्याच महिन्यात संरक्षण निधीच्या सभेत अप्पांनी नोटांची गड्डी दिली, हार घालून घेतला, फोटोसुद्धा काढला. देशाला पैसा दिला, जावई नाही दिला. माझ्या आईने हातातली पाटली काढून दिली होती, तिला कुणी हार घातला नाही.

बाजाराच्या त्या दिवशी निघताना, वहाणा चढवता चढवता, तुम्ही दाराकडे न बघता विचारलंत, ‘तुला काय वाटतं?’ लग्नाआधी नवऱ्याशी बोलायची रीत नव्हती. तरी मी म्हणाले, ‘जावा की. मी थांबीन.’ तुम्ही मान हलवलीत आणि निघून गेलात. पुढच्या सोमवारी पिंपरीच्या गेटावर हजर!

का? एवढंच मला विचारायचं होतं. माझ्यासाठी राहिलात की अप्पांच्या पैशांसाठी? मी बायको होते की हप्ता? एकदा धीर करून विचारलं होतं, आठवतं? ‘मिलिटरीत गेला असतात तर बरं झालं असतं का?’ तुम्ही घास चावलात, गिळलात आणि म्हणालात, ‘आमटीत मीठ कमी आहे.’ मीठ बरोबर होतं. मी नंतर चाखून बघितलं.

तुम्ही फेडायचा प्रयत्न केलात, हे मला ठाऊक आहे. पहिल्या दिवाळसणाला तुम्ही अप्पांच्या ताटाशेजारी पाकीट ठेवलंत. अप्पांचा घास हातातच राहिला. ‘जावयाचं पैसं कोण घेतं? नरकात धाडतोस काय मला?’ आणि ते पाकीट माझ्या ओटीत आलं, वर जरीची साडी. पुढे तुम्ही माझ्या दादाच्या हातून गुपचूप पाठवलेत, तर दिलीपच्या बारशाला त्याच पैशांच्या सोन्याच्या बिंदल्या आल्या, वर पाळणा. अप्पांच्या मोतीबिंदूच्या वेळी तुम्ही इस्पितळात आधीच पैसे भरून आलात. त्यांना कळलं तेव्हा वर्षभराचे गहू आणि बाजरी बैलगाडीने आपल्या दारात! फेडायला जावं तर देणं वाढायचं. ज्या घरी लेक दिली तिथलं पाणी पितानाही जे विचार करायचे, ते पैसे कसले घेणार? बिचारे वाईट नव्हते हो. वाईट असते तर सोपं गेलं असतं.

चौथ्यांदा तुम्ही फेडायला गेलाच नाहीत. त्यानंतर चाकणला आलात की ओसरीच्या कडेला बसायचात, जेवताना दुसऱ्यांदा भात घ्यायचा नाहीत. आईला वाटायचं जावयाला आमचं रुचत नाही. माझा जीव तुटायचा, पण सांगू काय?

तुमच्या वर्गातले गुलाबराव भरतीला गेले होते. ते रजेवर आले की आपल्याकडे हटकून यायचे. बर्फाच्या, ट्रकच्या, मेसमधल्या गमती सांगायचे, आणि तुम्ही विचारायचात काय, तर तिथे इंजिनं थंडीत सुरू कशी होतात. ते गेले की दोन-दोन दिवस तुमच्या तोंडातून शब्द फुटायचा नाही. एकाहत्तरच्या लढाईत तर तुम्ही रेडिओला कान लावून बसायचात. मी म्हणाले, ‘अहो, जेवून घ्या, तुम्ही न जेवल्याने काय ढाका पडणार आहे?’ तुम्ही इतके रागावलात की मी घाबरले. मला चेष्टा करायची होती फक्त.

गुलाबराव तेराव्याला आले होते. दोन लढाया बघून आलेला माणूस धडधाकट, पेन्शन घेतोय, आणि घरी राखून ठेवलेला माणूस गेला! त्यांच्याकडे बघून मला रडू आलं नाही, संताप आला. कुणाचा, ते अजून समजलं नाही.

त्याच दिवशी जेवणं उरकली आणि दिलीपचं काय करायचं याची चर्चा सुरू झाली. त्याची बारावी झालेली, मार्क चांगले. कंपनीचे लेबर ऑफिसर म्हणाले, ‘वडिलांच्या जागी मुलाला घेऊ. पाठवून द्या.’ माझ्या मनात तर तेच होतं. घरापासून सायकलच्या अंतरावर, डबा गरम जाईल, पोरगं डोळ्यांसमोर राहील. खोटं कशाला बोलू? एकुलता एक आहे तो. पण दादा उठून उभा राहिला. ‘माझा भाचा मशीनवर जाणार न्हाई. त्याला म्या इंजिनिअर करणार. कितीबी लागू दे.’ सगळ्यांनी माना डोलावल्या. बायका म्हणाल्या, ‘भाऊ असावा तर असा.’

मी दिलीपकडे बघितलं. तो खाली मान घालून बसला होता, अगदी तुम्ही ओसरीच्या कडेला बसायचात तसा.

दुसऱ्या दिवशी त्याला विचारलं, ‘तुला काय व्हायचंय?’ म्हणतो कसा, ‘आई, मी मिलिटरीत जातो. तिथे फी लागत नाही.’

ऐकलंत? तुम्हाला देण्यापायी जाता आलं नाही, आणि हा देणं नको म्हणून निघालाय! मी विचारलं, ‘शिकायलाही फी नसती लागली तर काय केलं असतंस?’ तर म्हणतो, ‘तसा विचार केला नाही.’ सतरा वर्षांचं पोर, आणि त्याला मनात येईल ते मागायचीही सवय नाही. हे तुमच्याकडून आलं बरं का. मी तर मागून मागून तुम्हाला भंडावून सोडायचे.

मग मी पदर खोचला आणि कंपनीच्या गेटावर गेले. ऑफिसरला म्हणाले, ‘साहेब, यांच्या जागी मला घ्या.’

‘तुम्हाला? बाई, तुम्ही काय काम करणार?’

‘सातवी झालेय. नाहीतर पोळ्या लाटते. तुमच्या कँटीनच्या पोळ्यांना हे वीस वर्षं नावं ठेवत होते.’

तो हसला, मग ओशाळला. चार खेपा घालायला लावल्या, वरच्या साहेबांना विचारलं, शेवटी कँटीनमध्ये घेतलं. पहिली पाळी. पगारात संत तुकाराम नगरातली ही खोली चालेल, दिलीपची डिप्लोमाची फीसुद्धा ओढून-ताणून निघेल. मोठ्या इंजिनिअरिंग कॉलेजची नाही निघणार, ते मी त्याला स्वच्छ सांगून टाकलं.

काल दादा आला तो तणतणतच. ‘अप्पांची लेक कँटीनात पोळ्या लाटणार? भावाचं घ्यायला लाज वाटते का तुला?’

मी त्याला पाणी दिलं आणि म्हणाले, ‘दादा, घेते. दिलीप कमवायला लागला की तू ते परत घेशील?’

‘काहीतरीच! बहिणीच्या घरचं कोण घेतं?’

‘म्हणूनच नको रे.’

त्याने पाणी पिऊन भांडं परत दिलं. मग खाली बसला. तुमच्या फोटोकडे बघून म्हणाला, ‘दाजी अप्पांच्या पंगतीत भात परत घेत नव्हते. मला वाटायचं, माणूस गर्विष्ठ हाय.’ आणि माझा एवढा मोठा भाऊ उपरण्यात तोंड घालून रडला. मीही रडले. किती वर्षं उशीर झाला हो आम्हाला सगळ्यांना!

तुमचं काय होतं ते मला कळलं नाही, आता कळणारही नाही. कधी वाटतं, माझ्यावर जीव होता तुमचा. मी तापाने फणफणले होते तेव्हा ओव्हरटाइम सोडून डोक्याशी बसला होतात. कधी वाटतं, कर्तव्य म्हणून बसला असाल. असा प्रश्न बायकोच्या पदरात टाकून जातं का कुणी? एकदा, नुसतं एकदा, ‘मी तुझ्यासाठी राहिलो’ म्हणाला असतात! खोटं म्हणाला असतात तरी मी खरं मानलं असतं.

आज सकाळी दिलीप सर्टिफिकिटं घेऊन पुण्याला गेला. भरतीचं ऑफिस तिथेच आणि डिप्लोमाचे अर्जही तिथेच. निघताना दारात घुटमळला. ‘आई, कुठे जातोय विचारणार नाहीस?’ मी म्हणाले, ‘संध्याकाळी सांग.’ तो जिना उतरून गेला आणि मी आतून कडी लावून उभी राहिले. लढाई पुन्हा झाली तर काय, हे मला कळत नाही असं समजू नका. सगळं कळतं.

तरी तुम्हाला शब्द देते. तो जे सांगेल त्याला मी ‘बरं’ म्हणेन. तोंड वाकडं करणार नाही, उपास धरणार नाही, ‘तुझ्या बापामागे मी एकटी’ हे वाक्य त्याच्यासमोर कधी काढणार नाही. आणि पुढे कधी त्याने विचारलंच, की आई, माझ्यासाठी तू एवढी राबलीस, ते मी कसं फेडू, तर त्याला सांगेन, तुझ्यासाठी कोण राबलं? मला पगार मिळत होता.

तुमची,
सुमन