वैदेहीचा पहिला मासा

मंगळवार, चिपळूण

नातवाने मला गाडीतून नदीकाठची गावं दाखवायला काढलंय. काल खेड, आज चिपळूण. मी खूश. पण जेवताना किळस आली. नागपूरची नातसून वैदेही जन्मात पहिल्यांदा मासा खाणार, तो असला? खाडी एवढी जवळ आणि सुरमईला वास! ताट ठेवलं तेव्हाच वास आला होता मला. मी बोलेपर्यंत पोरीने घास घेतला. डोळ्यांत पाणी, तरी म्हणते, "आजी, छान आहे." माझ्यासाठी गिळत होती! शी!

"थुंक गो बाय, मासा असा नसतो," म्हणून मी हात पुढे केला. आधी लाजली. मग थुंकली माझ्या हातावर, अगदी पोटच्या लेकीसारखी. शेजारच्या टेबलावरच्या बाईने तोंड फिरवलं. फिरवू दे मेलीला.