डाव्या हाताची जोड

नाना,

काल सकाळी माझं नाक फुटलं. दोन्ही नाकपुड्यांत कापूस कोंबून बसलोय, तोंडानं श्वास घेतोय, आणि तुम्ही सारखे डोळ्यांसमोर येताय. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी कुणाला धड चार ओळी लिहिल्या नाहीत. मायला लिहितो ते 'मी खुशाल आहे, काळजी करू नको' एवढंच. चौथीपर्यंतची शाळा, त्यात अर्धे दिवस मी पांझरेच्या पात्रात. तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी कराचीला असतो. गोदीत कापसाच्या गाठी वाहतो. गाठीचा वास आला की आपली धुळ्याची कापसाची जीन आठवते, तुम्ही गाठी बांधायच्या दाबावर उभे, अंगभर सरकी आणि धूळ. पण गोदीतलं काम दुपारी. सकाळी मी दुसरंच करतो. इथे रेल्वेत एक फायरमन आहे, इंजिनात कोळसा टाकतो, तो बॉक्सिंग खेळतो. गादीसारखे फुगलेले हातमोजे घालून ठोसे मारायचे, दोरीनं बांधलेल्या चौकात, तीन-तीन मिनिटांच्या फेऱ्या. त्याची छावणीतल्या एका गोऱ्या सोल्जराशी लढत ठरली आहे. त्याआधी महिनाभर त्याला रोज कुणाशी तरी झटावं लागतं. त्यासाठी तीन माणसं ठेवलीत. त्यातला मी एक. म्हणजे नाना, मी जोड झालोय. तुमचंच काम करतोय. हसू नका.

तो गोरा चपळ आहे, जड आहे आणि डावखुरा आहे. असा एक माणूस कुठून आणायचा? म्हणून त्याला आम्ही वाटून घेतलाय. एक पोरगेला खलाशी आहे, तो गोऱ्याचे पाय झाला. एक मक्राणी हमाल आहे, तो त्याचं वजन. आणि मी डावा हात. फायरमनला तयार करणारा गोवेकर मास्तर आहे. त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं, "ए खानदेशी, डाव्यानं मारता येतं?" मी म्हटलं, "शिकेन." आणि दुसऱ्या दिवसापासून उजवा हात खिशात घालून हिंडायला लागलो. विडी डाव्यानं, दाराची कडी डाव्यानं, तांब्या डाव्यानं. कुणी शिकवलं होतं मला हे?

आपलं स्वयंपाकघर दिसतंय. चुलीवर कळण्याची भाकर, पाट्यावर ठेचा. तुम्ही पाटावर बसलाय आणि डाव्या हातानं भाकर मोडताय. माय तवा खाली ठेवते. "अरे देवा! डावा हातघाई जेवतस? लाज शे का नही?" तुम्ही म्हणता, "आते मी तुना नवरा नही. मी जामनेरना पहिलवान शे." माय म्हणते, "मंग जामनेरले जायीसन जेव." आणि तुमच्या डाव्या हातावर उलथनं मारते, ते बऱ्यापैकी लागतं. तुम्ही हसता, उजव्यानं जेवता, आणि तिची पाठ वळली की पुन्हा डावा.

आपल्या तालमीचा पहिलवान सोनगीरला कुस्त्यांच्या फडात त्या जामनेरवाल्या डावखुऱ्याशी भिडणार होता. तुम्ही दोन वेळा पायपीट करून त्या डावखुऱ्याच्या कुस्त्या बघून आला होता. तो उभा कसा राहतो, माती कशी हाताला लावतो, दम लागला की मान कुठे वळवतो. आणि परत येऊन तुम्ही तोच व्हायचात. चौदा वर्षं तुम्ही आमच्या पहिलवानासाठी असे कोण कोण झालात. फेटा कधी तुमच्या डोक्यावर चढला नाही. पोरं मला 'पडेल नानाचा पोऱ्या' म्हणायची. मी अठरा वर्षांचा, अंगात मस्ती, मला ते झोंबायचं. पोरांशी मारामाऱ्या करायचो, पण राग तुमचाच यायचा.

मग जीनमध्ये गाठ घसरून तुमच्या गुडघ्यावर आली. फडाला पंधरा दिवस उरलेले. तुम्ही खाटेवर. मला जवळ बोलावलंत आणि म्हणालात, "आते डावा हात तुना." किती खूश झालो होतो मी! तुमच्यासमोर दाखवलं नाही.

त्या डावखुऱ्याचा डाव म्हणजे ढाक. मानेला हात घालून कमरेवरून फेकायचं. आमच्या पहिलवानानं त्यावर तोड बसवली होती. ढाक भरात आली की खाली बसायचं आणि त्याच्याच मानेवर सगळं वजन टाकून त्याला मातीत दाबायचं. म्हणजे जोडीदारानं ढाक खरी मारली पाहिजे, आणि खरी मारली की त्याचीच मान वजनाखाली जाणार. पहिल्या दिवशी मी खरी मारली. माझी मान खाली गेली आणि आत कट् असा आवाज झाला. कुणालाच ऐकू आला नाही. मला आला. हातापायांत मुंग्या आल्या, आणि वाटलं की आता आपण उठत नाही.

उठलो. पण दुसऱ्या दिवसापासून मी ढाक सैल मारायला लागलो. त्याचं वजन येण्याआधीच मानेवरचा हात सोडून आपणहून मातीत जायचो. पहिलवानाला वाटे तोड बसली. वस्ताद म्हणे, "वा!" आणि घरी आलो की तुम्ही खाटेवरून विचारायचात, "आज कशी व्हयनी? खरी?" मी तोंडावर पाणी मारत म्हणायचो, "खरी." चौदा दिवस.

सोनगीरला तुम्ही गुडघा बांधून बैलगाडीतून आलात. किल्ल्याखाली माणसांचं कोंडाळं, हलगी वाजतेय. डावखुऱ्यानं मानेला हात घातला, आमचा पहिलवान शिकल्याप्रमाणे खाली बसला, आणि तो हात काही सुटला नाही. मी सोडत आलो होतो तो हात, नाना. त्यानं सोडला नाही. पहिलवान खांद्यावर आपटला. तो खांदा पुन्हा कधी वर गेला नाही.

वस्ताद गर्दीतून सरळ माझ्याकडे आले. "पोऱ्या, तू खरा झटना व्हता का?"  तुम्ही गाडीच्या साट्याला धरून उभे राहिलात. "त्याले काय पुसतस? मीच सांगेल व्हतं. पहिलवानले लागाले नको म्हनीसन. मन्हा गुन्हा शे." सगळ्यांच्या देखत. वस्ताद तुमच्याकडे वळले. मग म्हणाले, "चौदा वरीस जोड व्हता तू. आते माटीमा पाय ठेवू नको." आणि मी तिथेच उभा. एक शब्द बोललो असतो तर तुमची माती तुम्हाला राहिली असती.

घरी आल्यावर मायनं पाणी दिलं आणि ती बाहेर गेली. तुम्ही चुलीपाशी तेल गरम केलं, वाटी हातात घेतली आणि मला विचारलंत, "मान दुखस का रे?" म्हणजे तुम्हाला कळलं होतं. फडात बघताक्षणीच कळलं असणार. मी म्हणालो, "नाही." आणि वर म्हणालो, "तुम्ही चौदा वर्षं पडलात, मी चौदा दिवस पडलो तर काय बिघडलं?" तुम्ही वाटी खाली ठेवलीत. ओरडला नाहीत. "मी पडनू, पोऱ्या," म्हणालात. "पन आपेआप कधी पडनू नही." बस्स, एवढंच. आठ दिवसांत मी भुसावळला गाडीत बसलो. पुढच्या उन्हाळ्यात तुम्हाला ताप आला, आणि ते पत्र मला तीन गावं फिरून मिळालं तोवर तेराव्याचंही जेवण होऊन गेलं होतं.

आता नाकाचं सांगतो. लढतीला पाच दिवस राहिलेत आणि फायरमनचं मन खचलंय. त्याला माझा डावा हात चुकवता येत नाही. परवा मास्तर मला बाजूला घेऊन म्हणाला, "उद्या दोन-चार खा आणि बस खाली. त्याला जरा जोर येऊ दे." माणूस वाईट नाही, नाना. त्याला खरंच वाटत होतं की हे औषध आहे. मी मान डोलावली. डोलावताना ती जुन्या जागी करकरली.

काल चौकात उतरलो आणि पहिल्याच फेरीत फायरमनचा ओठ फोडला. दुसऱ्या फेरीत त्याला गुडघ्यावर आणला. मास्तर दोरीवरून ओरडतोय, "ए, निकल बाहर! उद्यापासून येऊ नको!" फायरमननं तोंडातलं रक्त थुंकलं, मास्तरला हात केला आणि म्हणाला, "रहने दो इसको. यही तो आदमी है." तिसऱ्या फेरीत मी डावा सोडला, पूर्ण, खांद्यापासून. फायरमन त्या हाताखालून आत शिरला आणि माझं नाक गेलं. मी उताणा पडलो. वर आभाळ आणि त्याचं फुटकं तोंड. मी हसायला लागलो तर मास्तरला वाटलं डोक्याला लागलं. फायरमननं मला हात देऊन उठवलं. "कल आना," म्हणाला. आज गेलो होतो, नाकात कापूस घालून.

हे पत्र धुळ्याला टाकावं असं मनात होतं. मायला वाचता येत नाही. तिला माझी पत्रं पहिलवान वाचून दाखवतो. तो हल्ली जीनच्या फाटकावर बसतो, सुटी झाली की डावा हात अंगाशी धरून आपल्या ओट्यावर येतो. मायची उत्तरंही तोच लिहितो. शेवटी आपली एक ओळ घालतो, 'नानासारखी जोड पुन्हा मिळाली नाही.' तुमच्यावर त्याचा राग होता, तो गेला म्हणे. तुम्हाला माफ केलंय त्यानं. जे तुम्ही केलंच नाही त्याची माफी.

पत्ता घालून पाकीट तयार केलंय. मायच्या जिवाला आता त्रास कशाला, म्हणून टाकत नाही, असं लिहिणार होतो. पण ते पुन्हा आपेआप पडणं झालं असतं. खरं हे, की पहिलवानाच्या तोंडून हे मोठ्यानं वाचलं जाईल, मध्येच तो थांबेल, आणि माय विचारेल, काय व्हयनं, वाच ना. ते मला सोसणार नाही. म्हणून हे माझ्या पेटीत राहील.

तुम्ही त्या दिवशी तेलाची वाटी घेऊन विचारलं होतं, तेव्हा मी नाही म्हणालो. दुखत होती, नाना.