‘वानणे’चा छापील पुरावा

१४ नोव्हेंबर, गुरुवार

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहोत. माझा गुडघा कुरकुरतो आणि त्यावरून तुझी वहिनीही. सहा वर्षांनी दादाचं पत्र बघून दचकू नकोस, काम शब्दकोशाचं आहे.

आमच्या कार्यालयात सध्या ‘व’ चालू आहे. ‘वानणे’ म्हणजे स्तुती करणे. जुन्या ओव्यांतून देव आणि राजे भरपूर वानले गेले, साध्या माणसाच्या वाट्याला हा शब्द फारसा आलाच नाही. गेल्या शंभर वर्षांतला एकही छापील पुरावा नसेल, तर संपादकबाई शब्दापुढे ‘लुप्त’ असा शिक्का मारतात. मी कपाटंच्या कपाटं पालथी घातली. पुरावा एकच सापडला. तुझ्या कादंबरीत, पान एकेचाळीस: ‘आई शेजारणीजवळ माझं शिवण वानायची आणि घरी आल्यावर तेच उसवायला लावायची.’

बाई म्हणतात, "कशावरून ही छपाईची चूक नाही? लेखिकेकडून लेखी आणा." तेवढं दोन ओळींत कळव.

कादंबरी मी वाचलेली नाही. शब्दापुरती चाळली. पान अठ्ठ्याऐंशीवरचा तो भाऊ, बहिणीचं हस्तलिखित तांबड्या पेन्सिलीने रंगवून परत देणारा, जरा भडक झालाय. इतका खडूस कोणी नसतो. तुझ्या वहिनीचं मत वेगळं आहे. शेवटच्या प्रकरणाच्या नादात मी डबा उघडायचाच विसरलो. बाईंनी विचारलं, "डोळ्यांत काय गेलं?" म्हटलं, जुन्या पुस्तकांची धूळ. समोर पुस्तक नवंकोरं होतं.

बरं, वाचली. तीनदा.

आणि हस्तलिखितात याच शब्दाखाली दोन रेघा मारून मी लिहिलं होतं, ‘असं आता कोणी बोलत नाही.’ तू ऐकलं नाहीस म्हणून तो आज जिवंत आहे. त्या दिवशी तू कागद उचलून निघालीस, तेव्हा जिन्यात गाठून सांगायला हवं होतं, की ठमे, फार सुंदर लिहिलंयस गं. सांगितलं काय, तर ‘अनुस्वार तपास’. चुकलं माझं.

महिनाअखेर ‘व’ छापायला जाईल. तोवर तुझी चिठ्ठी आली नाही, तर शिक्का बसेल. बसू दे. शब्द गेला तरी चालेल मला. तू ये.

वाट पाहणारा,
दादा